बदलत्या पानाची नोंद : वेबपृष्ठांवरील पाळतीचा इतिहास

दस्तऐवजात केलेला फेरफार कागद सहसा लपवू देत नाही. खाडाखोड दिसते, शाई निराळी पडते, समासातील भर दुसऱ्या हस्ताक्षरात असते. छापील ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली तरी पहिलीच्या प्रती ग्रंथालयांत व घरोघरी राहतातच. पाठचिकित्सेचे सारे शास्त्र ह्या एका गोष्टीवर उभे आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली ती निरनिराळ्या प्रांतांतील हस्तलिखितांचे पाठ ताडून. भिन्न पाठांच्या प्रती एकाच वेळी शिल्लक होत्या, म्हणूनच ते कार्य शक्य झाले. वेबपृष्ठाची गोष्ट मुळातच वेगळी आहे. ते एका सर्व्हरवर असते आणि मागणी येईल तेव्हा तेथून पाठविले जाते. मालकाने सर्व्हरवरील मजकूर बदलला की त्या क्षणापासून जगातील प्रत्येक वाचकाला नवाच पाठ मिळतो. जुना पाठ कोणी स्वतःहून जतन करून ठेवला नसेल, तर तो होता हे सांगण्यासही पुरावा उरत नाही. खाडाखोडीचा डागदेखील राहत नाही.

तेव्हा अशा पानावर लक्ष ठेवून त्यातील बदल टिपणाऱ्या साधनांचा विचार केवळ यंत्रविद्येच्या इतिहासात करून भागणार नाही. गेल्या पस्तीस वर्षांतील सरकारे, न्यायालये व वृत्तपत्रे ह्यांचे मोठे लेखन ह्याच माध्यमात झाले आहे. त्याचा इतिहास पुढे लिहिणाऱ्याला साधनांची विश्वसनीयता तपासावी लागेल, आणि ती तपासणी ह्या पाळतीच्या नोंदींवाचून बहुतेक ठिकाणी अशक्य होईल.

टिम बर्नर्स-ली ह्यांनी जिनीव्हाजवळील सर्न ह्या संशोधनसंस्थेत १९८९ च्या मार्चमध्ये आपला प्रस्ताव मांडला आणि १९९१ च्या ऑगस्टमध्ये वेबची माहिती बाहेरच्या जगाला दिली. आरंभीच्या त्या दिवसांत पाने इतकी थोडी होती की नवीन काय आले हे माणसाने हाताने लिहून ठेवता येत असे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए ह्या संगणककेंद्राने १९९३ च्या जूनपासून ‘व्हॉट्स न्यू’ नावाचे एक पान चालविले. नव्याने उघडलेल्या संकेतस्थळांची तारीखवार यादी असे त्याचे स्वरूप होते. १९९६ च्या जूनमध्ये ते बंद झाले. वेब माणसाच्या नोंदवहीत मावेनासे झाले होते. शिवाय ह्या यादीत नवे काय आले एवढेच असे; जुन्यात काय बदलले ह्याची दखल तिच्यात नसे.

वेबच्या संदेशवहनाचे जे नियम ठरले त्यांत मात्र बदलाची कल्पना लवकरच शिरली. १९९६ च्या मे महिन्यात प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.० च्या विवरणात सर्व्हरने पानासोबत ‘लास्ट मॉडिफाइड’ म्हणजे शेवटच्या बदलाची तारीख पाठवावी अशी सोय आहे. वाचकाच्या बाजूचा संगणक ती तारीख परत पाठवून ‘ह्यानंतर बदल झाला असेल तरच पान द्या’ असे सांगू शकतो; बदल नसेल तर सर्व्हर मजकूर न पाठविता ३०४ हा अंक तेवढा कळवितो. १९९७ च्या जानेवारीत आलेल्या एचटीटीपी १.१ मध्ये ह्याच्या जोडीला ‘ईटॅग’ नावाची खूण आली. पानाचा पाठ बदलला की ती खूणही बदलावी असा संकेत आहे. ह्या दोन्ही योजनांचा हेतू पाळत ठेवण्याचा नव्हता. तारा मंद होत्या, तेच पान पुनःपुन्हा वाहून नेण्याचा खर्च वाचवायचा होता. पण तपासणाऱ्याच्या हाती पहिले हत्यार आले ते ह्या काटकसरीतून. त्याचा दोषही उघड आहे. तारीख सांगतो तो सर्व्हर, म्हणजे ज्याच्या वर्तनाची तपासणी करावयाची तोच साक्षीदार. शिवाय मागणी आल्यावर तत्काळ जुळवून पाठविल्या जाणाऱ्या पानांना अशी तारीख बहुधा नसतेच, किंवा असली तर प्रत्येक वेळी त्या क्षणाची असते.

म्हणून दुसरा मार्ग निघाला : पान स्वतः आणून पाहावे आणि त्याच्या मजकुरावरून एक लहानशी संख्या काढून ठेवावी. ह्या संख्येला चेकसम म्हणतात. मजकुरातील एक अक्षर बदलले तरी संख्या बदलते. त्यामुळे पुढच्या खेपेस दोन संख्या ताडल्या की निर्णय होतो. १९९६ च्या सुमारास नेटमाइंड ह्या संस्थेची ‘यूआरएल-माइंडर’ ही सेवा ह्याच तत्त्वावर चालत असे. पानाचा पत्ता नोंदवावा, बदल झाला की ईमेल येई. वेबवर सर्वसामान्य माणसाला मिळालेले हे जवळजवळ पहिलेच पाळतीचे साधन. पण संख्येवरून मूळ मजकूर परत काढता येत नाही. पान बदलले एवढे कळे. काय होते आणि काय झाले हे कळत नसे. चोरी झाल्याची वर्दी मिळावी आणि मालाची यादी मात्र नसावी, अशातला हा प्रकार होता.

यादी देणारे शास्त्र वेबच्या बाहेर आधीच तयार होते. संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांना आपल्याच लेखनातील पाठभेद सांभाळावे लागतात. बेल प्रयोगशाळेतील मार्क रॉककिंड ह्यांनी १९७२ मध्ये, आणि पर्ड्यू विद्यापीठातील वॉल्टर टिकी ह्यांनी १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘आरसीएस’ ह्या नावाने, प्रत्येक आवृत्ती फरकांच्या रूपाने साठविण्याच्या पद्धती बांधल्या. दोन पाठांमधील फरक काढणारी ‘डिफ’ ही आज्ञावली युनिक्समध्ये १९७४ मध्ये आली. तिच्यामागील रीत जेम्स हंट व डग्लस मॅकिलरॉय ह्यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. दोन्ही पाठांत त्याच क्रमाने येणारा जास्तीत जास्त लांबीचा समान भाग शोधावा, आणि जो उरेल तो फरक मानावा, हे तिचे सूत्र. हस्तलिखिते ताडणारा पंडित डोळ्यांनी जे करी तेच येथे गणिताने होते. फरक एवढाच की पंडिताला कोणता पाठ अस्सल ह्याचाही निर्णय करावा लागे, यंत्राला तो करावा लागत नाही.

ही दोन्ही अंगे एकत्र आणून वेबला लावण्याचे श्रेय एटी अँड टी संस्थेच्या संशोधनविभागातील फ्रेड डग्लिस व थॉमस बॉल ह्यांच्याकडे जाते. १९९६ च्या जानेवारीत सॅन डिएगो येथे भरलेल्या युसनिक्स परिषदेत त्यांनी आपला निबंध वाचला. त्यांच्या योजनेत तीन भाग होते. पहिला वाचकाने खुणा करून ठेवलेल्या पानांपैकी त्याच्या शेवटच्या भेटीनंतर कोणती बदलली हे सांगे. दुसरा पानाची प्रत आरसीएसमध्ये साठवी. तिसरा, ‘एचटीएमएल-डिफ’, दोन प्रती ताडून एकच जुळवलेले पान दाखवी. त्यात गाळलेल्या मजकुरावर काट मारलेली असे आणि नवा मजकूर ठळक तिरप्या अक्षरांत येई. मूळ डिफ ओळीओळीने चाले. आज्ञावलीत ओळ हा अर्थपूर्ण घटक असतो. वेबपृष्ठात मात्र ओळ कोठे तोडली ह्याला काहीच अर्थ नसतो, एक शब्द वाढला की सारा परिच्छेद नव्याने मोडला जाऊ शकतो. म्हणून ह्या संशोधकांनी वाक्य हा घटक धरला आणि किंचित बदललेले वाक्य तेच वाक्य मानावे की नवे, ह्याला माप लावले. हा तपशील तांत्रिक वाटला तरी पाठचिकित्सेतील मूळ प्रश्न तोच आहे : तुलनेचा घटक कोणता? आजही ह्या कामाच्या साधनांचे बरेवाईट बहुतांशी ह्याच निवडीवर ठरते. दुसऱ्याच्या लेखनाच्या प्रती साठविण्यात स्वामित्वहक्काचा प्रश्न येतो, हाही विचार तेव्हापासूनच सुरू झाला आहे.

पुढचा प्रश्न किती वेळाने पाहावे हा होता. तो सोडविण्याची निकड पाळत ठेवणाऱ्यांपेक्षा शोधयंत्रे चालविणाऱ्यांना अधिक होती. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जंघू चो व हेक्टर गार्सिया-मोलिना ह्यांनी १९९९ च्या फेब्रुवारीपासून जूनपर्यंत २७० संकेतस्थळांवरील ७,२०,००० पाने रोज आणून पाहिली. व्यापारी म्हणजे ‘डॉट कॉम’ पानांपैकी ४० टक्क्यांहून अधिक पाने रोज बदलत होती. उलट शैक्षणिक व सरकारी पानांपैकी निम्म्याहून अधिक पाने त्या चार महिन्यांत एकदाही बदलली नाहीत. त्याच काळातील त्यांच्या दुसऱ्या निष्कर्षाने अनेकांना कोड्यात टाकले. जे पान जास्त वेळा बदलते त्याला जास्त वेळा भेट द्यावी, हे कोणालाही स्वाभाविक वाटेल. पण साठ्यातील प्रती जास्तीत जास्त काळ ताज्या राहाव्यात एवढाच हेतू असेल तर हे धोरण सर्व पानांना सारख्या भेटी देण्यापेक्षाही वाईट ठरते. समजा, एक पान दर तासाला बदलते व दुसरे दिवसातून एकदा, आणि दिवसाला एकच भेट परवडते. पहिल्या पानाची आणलेली प्रत सरासरी अर्धा तास खरी राहील, दुसऱ्याची सरासरी बारा तास. सतत हलणाऱ्याच्या मागे धावण्यात श्रम वाया जातात.

शोधयंत्राच्या दृष्टीने हा हिशेब बिनतोड आहे. इतिहासाच्या दृष्टीने तो अपुरा पडतो. शोधयंत्राला आजचा पाठ हवा असतो, मधला पाठ हरवला तरी त्याचे बिघडत नाही. उलट दोन भेटींच्या मध्ये एखादे विधान घातले गेले आणि काढूनही टाकले गेले, तर कोणत्याही नोंदवहीत त्याचा मागमूस राहणार नाही. पाळतीच्या प्रत्येक नोंदीला ही मर्यादा आहे. ‘ह्या तारखेस असे होते’ हे ती सांगू शकते. ‘मधल्या काळात निराळे नव्हते’ हे सांगू शकत नाही. सरकारी पाने क्वचित बदलतात ह्या निरीक्षणाचा परिणामही विचार करण्याजोगा आहे. जे क्वचित बदलते त्याकडे कोणी पाहत राहत नाही, आणि नेमके तेथे बदलाला अर्थ असतो.

१९९९ मध्ये नेटस्केपने आरएसएस ही पद्धती आणली. संकेतस्थळानेच आपल्या नव्या मजकुराची यादी यंत्राला वाचता येईल अशा रूपात द्यावी, ही तिची कल्पना. अनुदिनीकार व वृत्तपत्रे ह्यांना तिचा मोठा उपयोग झाला. प्रस्तुत विषयाशी तिचा संबंध थोडा आहे, कारण ती प्रकाशकाच्या इच्छेवर चालते. ज्याला बदल जाहीर करावयाचा आहे तोच तो जाहीर करतो. दुकानातील भाव, निविदा, परीक्षांचे निकाल ह्यांसाठी निघालेल्या पाळतसेवांचाही येथे नुसता उल्लेख पुरे. त्यांचा पसारा मोठा आहे, पण त्यांच्या नोंदी ग्राहकाचे काम झाले की टाकून दिल्या जातात.

बदलाच्या नोंदीला सार्वजनिक महत्त्व आले ते २००३ मध्ये. त्या वर्षी १ मे रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश ह्यांनी इराकमधील युद्धाविषयी केलेल्या भाषणावर व्हाइट हाउसच्या संकेतस्थळाने लढाऊ कारवाई संपल्याचे शीर्षक दिले होते. पुढे इराकमधील चकमकी थांबेनात, तेव्हा त्याच पानाच्या शीर्षकात ‘प्रमुख’ हा शब्द घातला गेला. संपली ती केवळ प्रमुख लढाऊ कारवाई, असा अर्थ झाला. भाषणाची तारीख तीच राहिली, बदलाची तारीख कोठेही नव्हती. त्याच वर्षी अमेरिकेच्या यूएसएड ह्या साहाय्यसंस्थेचे प्रमुख अँड्र्यू नॅट्सिओस ह्यांची एप्रिलमधील दूरचित्रवाणीवरील मुलाखत त्या संस्थेच्या संकेतस्थळावरून नाहीशी झाली. इराकच्या पुनर्रचनेसाठी अमेरिकन करदात्याला १.७ अब्ज डॉलरपेक्षा अधिक भार पडणार नाही, असे तीत त्यांनी सांगितले होते.

हे दोन्ही फेरफार उघडकीस आले ते पाळतीमुळे नव्हे, तर कोणीतरी जुनी प्रत ठेवली होती म्हणून. ब्रूस्टर केल ह्यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे १९९६ मध्ये स्थापिलेल्या इंटरनेट अर्काइव्हने आपला संग्रह २००१ च्या ऑक्टोबरमध्ये ‘वेबॅक मशीन’ ह्या नावाने सर्वांना खुला केला होता. एका पत्त्याच्या तारीखवार प्रती तेथे पाहावयास मिळतात. पाळत आणि जतन ह्यांतील भेद ह्या प्रसंगी स्पष्ट झाला. जतन असेल तर बदल पुढे केव्हातरी सापडू शकतो, पण तो कोणीतरी शोधला पाहिजे. पाळत असेल तर वर्दी लगेच मिळते, पण जतन नसेल तर ती सिद्ध करता येत नाही.

जतनालाही एक दार बंद करता येत असे. संकेतस्थळाच्या मुळाशी ‘रोबोट्स’ नावाची एक मजकूरफाइल ठेवून यंत्रांना मज्जाव करण्याची रूढी १९९४ पासून आहे. ती केवळ विनंती आहे, तिला कुलूप नाही. परंतु वेबॅक मशीन ती दीर्घकाळ मानीत असे, आणि तीही पूर्वलक्षी प्रभावाने. आज मज्जाव लिहिला की कालपर्यंतच्या प्रतीही दिसेनाशा होत. ब्रिटनमधील हुजूर पक्षाने २०१३ मध्ये २०१० पूर्वीच्या दशकातील भाषणे आपल्या संकेतस्थळावरून काढली व सोबत असा मज्जावही घातला. त्यामुळे इंटरनेट अर्काइव्हमधील प्रतीही दिसेनाशा झाल्या. नोव्हेंबरमध्ये संगणकविषयक एका साप्ताहिकाने ही गोष्ट उघड केली. ब्रिटिश ग्रंथालयाच्या वेबसंग्रहात त्या संकेतस्थळाच्या प्रती स्वतंत्रपणे होत्या, म्हणून सर्वनाश टळला. इंटरनेट अर्काइव्हने २०१६–१७ पासून, प्रथम अमेरिकन सरकारी स्थळांबाबत, ही विनंती मानण्याचे सोडून दिले.

वृत्तपत्रांच्या बाबतीत प्रश्नाचे रूप सौम्य आहे, कारण बातमी दिवसभर सुधारत जाणे हा त्या व्यवसायाचा धर्मच आहे. तरीही १ ऑक्टोबर २०११ रोजी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन पुलावर निदर्शकांना अटक झाली तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सच्या संकेतस्थळावरील वृत्ताचा आरंभ थोड्याच वेळात बदलला. पोलिसांनी आधी पुलावर जाऊ दिले व मग अडविले, असा पहिल्या पाठाचा रोख होता. दुसऱ्यात निदर्शक स्वतः रस्त्यावर उतरल्यावर अटक झाली असे चित्र उभे राहिले. कर्तृत्व एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेले. ह्या प्रसंगाच्या चर्चेनंतर २०१२ मध्ये एरिक प्राइस, ग्रेग प्राइस व जेनिफर ८ ली ह्यांनी ‘न्यूजडिफ्स’ हे साधन उभारले. निवडक वृत्तपत्रांचे लेख ते पुनःपुन्हा आणून त्यांचे पाठभेद शेजारी शेजारी मांडीत असे.

परंतु ह्या सर्व इतिहासातील अत्यंत बोधप्रद प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे आहे. न्यायनिर्णय दिल्या दिवशी संकेतस्थळावर येतो त्यावर, छापील संग्रहात समाविष्ट होण्यापूर्वी त्यात दुरुस्ती होऊ शकते, अशी सूचना असते. हार्वर्डचे प्राध्यापक रिचर्ड लाझारस ह्यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले की ह्या दुरुस्त्या शुद्धलेखनापुरत्या नसतात, त्या कधी कधी निर्णयानंतर कित्येक वर्षांनी होतात, आणि त्यांची माहिती काही कायदेविषयक प्रकाशनसंस्थांना मिळते, जनतेला मिळत नाही. त्याच सुमारास घडलेले उदाहरण सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. २९ एप्रिल २०१४ रोजी हवाप्रदूषणाविषयीच्या एका खटल्यात न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया ह्यांनी भिन्नमत लिहिताना २००१ च्या एका निर्णयाचा दाखला दिला. त्या जुन्या खटल्यात खर्चाचा विचार व्हावा अशी मागणी पर्यावरण संस्थेने केली होती, असे त्यांनी म्हटले. वस्तुतः ती मागणी विरुद्ध बाजूची होती, आणि २००१ चा तो निर्णय खुद्द स्कॅलियांनीच लिहिलेला होता. दुसऱ्याच दिवशी संकेतस्थळावरील पाठ बदलला. त्या भागाचे उपरोधिक शीर्षक जाऊन तेथे साधे शीर्षक आले.

वॉशिंग्टन शहराच्या प्रतिनिधिमंडळाचे विधिसल्लागार डेव्हिड झ्वेन्याक ह्यांनी त्या वर्षीच्या जूनमध्ये ह्यावर एक छोटी आज्ञावली लिहिली. न्यायालयाच्या संकेतस्थळावरील निर्णयांच्या फाइली ती ठराविक वेळाने आणी, आधीच्या प्रतीशी ताडी, आणि भेद आढळला की ट्विटरवर तशी वर्दी देई. मग झ्वेन्याक स्वतः दोन पाठ वाचून काय बदलले ते दाखवीत. काम थोडक्या ओळींचे होते. त्यामागे संस्था नव्हती, खर्च म्हणावा असा नव्हता. पण ज्या संस्थेचा शब्द कायदा समजला जातो तिच्या शब्दावर बाहेरून डोळा आला. ५ ऑक्टोबर २०१५ रोजी न्यायालयाने जाहीर केले की ह्यापुढे प्रसिद्धीनंतर केलेली दुरुस्ती संकेतस्थळावर ठळक करून दाखविली जाईल व तिची तारीख दिली जाईल. पाळतीचा असा परिणाम क्वचितच दिसतो : ज्यावर पाळत होती त्यानेच नोंद ठेवण्याचे काम आपल्याकडे घेतले. निर्णयांत उद्धृत केलेल्या वेबपृष्ठांच्या प्रती जपण्याची व्यवस्थाही त्याच वेळी जाहीर झाली; आदल्या वर्षांत झालेल्या एका अभ्यासात असे दिसले होते की त्या न्यायालयाच्या निर्णयांतील सुमारे निम्मे वेबसंदर्भ मूळ मजकुरापर्यंत पोचत नव्हते.

एका न्यायालयाच्या फाइली मोजक्या असतात. एका सरकारची पाने लाखांनी. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिका व कॅनडातील काही प्राध्यापक व कार्यकर्ते ह्यांनी एड्जी ह्या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा पर्यावरणविषयक माहितीचा अभ्यासगट स्थापिला. व्हर्जनिस्टा ह्या पाळतसेवेच्या साहाय्याने त्यांनी अमेरिकन संघराज्याच्या पर्यावरणविषयक सुमारे २५,००० पानांवर लक्ष ठेवले. यंत्राने आणलेले भेद बहुतांशी निरर्थक असत : पानाच्या तळची तारीख, बाजूची यादी, सर्व पानांवर एकदम बदललेला मथळा. त्या ढिगातून अर्थपूर्ण भेद वेचण्यासाठी माणसे बसवावी लागली, आणि कोणत्या बदलाला महत्त्वाचा म्हणावे ह्याचे निकष लिहावे लागले. यंत्र ताडते, निवड माणूस करतो. महाभारताच्या संपादकांना हे सांगावे लागले नसते.

त्यातून जे हाती आले ते मोलाचे होते. २०१७ च्या आरंभी पर्यावरणसंरक्षण संस्थेच्या विज्ञान व तंत्रज्ञान कार्यालयाच्या पानावरून, पाण्याच्या प्रतीची मानके ‘विज्ञानाधिष्ठित’ असतील हे शब्द गेले व तेथे आर्थिक आणि तांत्रिक दृष्ट्या साध्य मानकांची भाषा आली. २८ एप्रिल २०१७ रोजी हवामानबदलावरील संपूर्ण विभाग अद्ययावत करण्याच्या नावाने काढून घेतला गेला. त्या विभागाची आदली प्रत, १९ जानेवारी २०१७ रोजी घेतलेली, स्वतंत्र पत्त्यावर ठेवलेली होती हे नमूद केले पाहिजे. परंतु शोधणाऱ्याला ती सहज सापडेल अशी नव्हती. अन्य खात्यांच्या पानांवर ‘हवामानबदल’ हा शब्द जाऊन ‘टिकाऊपणा’, ‘लवचीकता’ अशा अर्थाचे शब्द येत असल्याचे ह्या गटाने २०१८ च्या जानेवारीतील आपल्या अहवालात दाखविले. माहिती खोटी केली असे ह्यांपैकी बहुतेक ठिकाणी म्हणता येत नाही. ती दूर नेली, तिचे नाव बदलले, तिच्याकडे जाणारा दुवा तोडला. अशा प्रकारच्या फेरफाराला कागदी जगात जवळचा शब्द नाही. १८ मार्च २०२१ रोजी नव्या प्रशासनाने तो विभाग पुन्हा उघडला. म्हणजे चार वर्षांत एकाच पत्त्यावर तीन भिन्न पाठ येऊन गेले, आणि पत्ता उद्धृत करणाऱ्या ग्रंथात तारीख नसेल तर लेखकाने कोणता पाठ पाहिला हे ठरविता येणार नाही.

२०२५ मध्ये हेच प्रकरण न्यायालयात गेले. त्या वर्षी जानेवारीच्या अखेरीस अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राची व अन्य आरोग्यसंस्थांची अनेक पाने काढली गेली. डॉक्टरांच्या एका संघटनेने फिर्याद केली आणि ११ फेब्रुवारी रोजी न्यायाधीश जॉन बेट्स ह्यांनी ती पाने पूर्ववत करण्याचा तात्पुरता हुकूम दिला. पूर्ववत म्हणजे कोणत्या पाठाप्रमाणे, हे ठरविण्यास जुन्या पाठाची तारीखवार प्रत लागते. प्रशासनाने पाने परत ठेवताना त्यांतील काहींवर आपण ह्या मजकुराशी सहमत नसल्याची टीप लावली. पाठभेदांच्या इतिहासात हा चमत्कारिक नमुना म्हणावा लागेल, कारण येथे प्रकाशकच स्वतःच्या पानावर प्रतिकूल टीका लिहितो.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर एक जुनी कार्यालयीन शिस्त नव्या माध्यमातही टिकून आहे. शासन निर्णय संकेतस्थळावर ठेवला जातो त्याच्या शेवटी त्याचा संगणक संकेतांक दिलेला असतो आणि तो डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित केल्याचे नमूद असते. त्यात चूक आढळली तर रीतीप्रमाणे स्वतंत्र तारखेचे शुद्धिपत्रक निघते. मूळ पाठ व दुरुस्ती दोन्ही वाचकासमोर राहतात. कागदावरील फाइलीचा हा संस्कार सर्वोच्च न्यायालयाच्या वरील प्रकरणाच्या शेजारी ठेवून पाहिला म्हणजे त्याचे मोल कळते. शासनाच्या योजनांची माहिती देणारी साधी पाने मात्र ह्या शिस्तीच्या बाहेर आहेत. तेथील पात्रतेची अट किंवा रक्कम बदलली तर शुद्धिपत्रक निघत नाही. मराठी विकिपीडियाचा, जो १ मे २००३ पासून चालू आहे, प्रकार ह्याहून वेगळा : तेथे प्रत्येक संपादनाचा पाठ, वेळ व संपादकाची खूण पानाच्या इतिहासात राहते, आणि ‘अलीकडील बदल’ हे पान कोणालाही पाहता येते. वॉर्ड कनिंगहॅम ह्यांनी १९९५ मध्ये उघडलेल्या पहिल्या विकीवरील ताज्या बदलांच्या यादीची ती संतती आहे.

पुराव्याच्या कायद्यानेही ह्या दिशेने एक पाऊल टाकले आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमानुसार संगणकीय नोंद पुरावा म्हणून देताना जोडावयाच्या प्रमाणपत्रात त्या नोंदीची हॅश संख्या व ती काढण्याची रीत लिहावी लागते. यूआरएल-माइंडर ज्या जातीची संख्या ठेवीत असे त्याच जातीची, पण फसवणुकीला पुष्कळ अधिक दाद न देणारी ही संख्या आहे. तिच्यावरून प्रत सादर केल्यानंतर बदलली नाही एवढे सिद्ध होते. ती प्रत घेतली तेव्हा पान तसे होते की नाही, हा निराळा प्रश्न राहतो, आणि त्याला उत्तर देण्यास प्रत घेणारा तिऱ्हाईत असावा लागतो.

हा प्रश्न आता अधिक बिकट झाला आहे. १९९६ मधील पान सर्वांना एकच मिळे. आजचे पान बहुधा वाचकाच्या ब्राउझरमध्ये जुळते. त्याचे गाव, त्याची भाषा, त्याचे यंत्र, त्याने प्रवेशनाव दिले आहे की नाही, ह्यांवरून मजकूर बदलतो. पाळतीच्या साधनांनीही म्हणून रीत पालटली आहे. ती ब्राउझर चालवून पान पूर्ण जुळेपर्यंत थांबतात, सांगितलेला भागच ताडतात, काही तर मजकुराऐवजी पानाचे चित्र घेऊन चित्राशी चित्र ताडतात. चेंजडिटेक्शनसारखी मुक्त आज्ञावली विद्यार्थ्यालाही आपल्या संगणकावर चालविता येते. तथापि ती जे टिपते ते त्या संगणकाला, त्या गावी, त्या वेळी मिळालेले पान असते; पुण्यात बसून घेतलेली प्रत आणि न्यूयॉर्कमध्ये घेतलेली प्रत एकाच मिनिटाची असूनही निराळी निघू शकते, आणि तसा भेद आढळल्यास तो काळाचा आहे की स्थळाचा हे ठरविण्यासाठी दोन्ही ठिकाणच्या आधीच्या प्रती हाताशी असाव्या लागतात.